ऑटिझम आणि विकासात्मक दिव्यांगत्व : पालक आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

आमची संस्था पुण्यात ऑटिझम (स्वमग्नता), बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी आणि डाउन सिंड्रोम असलेल्या लहान-मोठ्यांसोबत काम करते. खालचे प्रश्न लोकांनी फोनवर, पहिल्या भेटीत, कधी निघता निघता दाराशी थांबून विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ज्या प्रश्नाने घरातल्यांची झोप उडालेली असते त्याचं उत्तर एका ओळीत देणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

डॉक्टरांनी अजून निदान केलेलं नाही. तरी भेटायला यावं का?

हो, आणि लवकर या. मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी तुमचा हात धरून तिथवर नेत असेल, वर्षाचं झालं तरी बडबड नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नका. आलेले शब्द किंवा टाटा करण्यासारख्या सवयी अचानक गेल्या असतील, तर वय कितीही असो, लगेच दाखवा.

"मुलगे उशिराच बोलतात", "याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता", ही वाक्यं जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतात. म्हणणारी माणसं प्रेमानेच धीर देत असतात. पण त्या धीरात वर्ष-दीड वर्ष निघून जातं, आणि मुलाचा मेंदू सर्वात वेगाने शिकत असतो तो हाच काळ. मूल पुढे आपणहून बोलायला लागलं तर तपासणीने काही बिघडत नाही. नाही लागलं तर मात्र वाट बघण्यात गेलेला वेळ भरून काढताना सगळ्यांचीच दमछाक होते.

सर्वात आधी कानाची तपासणी करून घ्या. ऐकू न येणारं मूलही हाकेला ओ देत नाही. मग बालरोगतज्ज्ञांकडे एम-चॅट ही प्रश्नावली भरता येते. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ती असते आणि सध्याच्या आवृत्तीत वीस प्रश्न आहेत. ती फक्त चाळणी आहे, तिच्यावरून निदान करायचं नसतं. खर्चाची अडचण असेल तर २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. त्यासाठी अंगणवाडी, शाळा किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. स्पीच थेरपी आणि खेळातून शिकवणं सुरू करायला निदानाचा कागद हातात असावाच लागतो असं नाही.

ऑटिझम रक्ताच्या तपासणीत कळतो का?

नाही. एमआरआयमध्येही दिसत नाही. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुलाचं खेळणं, बघणं, बोलणं पाहून आणि तुमच्याशी सविस्तर बोलून निदान करतात. आपल्याकडे सरकारी प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि सत्तर किंवा त्याहून जास्त गुण झाले तर ऑटिझम धरला जातो. झटके येत असल्याची शंका असेल तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी), काही मुलांसाठी जनुकीय तपासणी, असं डॉक्टर सुचवू शकतात. पाच मिनिटांत मुलाकडे नीट न बघता कोणी शिक्कामोर्तब केलं, तर दुसरं मत जरूर घ्या.

आमचं काय चुकलं?

काहीही चुकलं नाही. नोकरी केली म्हणून, गरोदरपणात ग्रहण पाहिलं म्हणून, लसीमुळे, आईने जवळ घेतलं नाही म्हणून, यातल्या कशानेही ऑटिझम होत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही नामांकित डॉक्टरांनीच आईच्या थंडपणाला दोष दिला होता. तो सिद्धांत केव्हाच निकालात निघाला, पण त्याने असंख्य आयांना आयुष्यभर पोखरलं. लसीचा संबंध जोडणारा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि २०१० मध्ये त्याच नियतकालिकाने तो मागे घेतला. त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. ऑटिझममध्ये जनुकांचा वाटा मोठा आहे. मोबाइल फार वेळ हातात दिल्याने भाषा मागे पडू शकते, त्यामुळे तो कमी कराच, पण मोबाइलने ऑटिझम जडला असं म्हणून स्वतःला कोसू नका.

घरात सुनेकडे बोट दाखवलं जात असेल तर हे उत्तर सगळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखवा. हवं तर सासू-सासऱ्यांना घेऊन या, आम्ही बोलू त्यांच्याशी. दोष दिला जात असलेल्या घरात मूलही शिकत नाही, हे आम्ही फार जवळून पाहिलं आहे.

मूल पूर्ण बरं होईल का? स्टेम सेल (मूळपेशी) उपचार करून घेऊ का?

ऑटिझम हा ताप किंवा कावीळ नव्हे, त्यामुळे तो उतरत नाही. मुलाच्या मेंदूची घडणच वेगळी असते आणि ती आयुष्यभर राहते. बदलतं ते रोजचं जगणं : मूल मागायला शिकतं, थांबायला शिकतं, स्वतःच्या हाताने जेवतं, रात्री सलग झोपतं, बसमध्ये शांत बसतं. काही मुलं पुढे पदवी घेतात, काहींना आयुष्यभर सोबत लागते. तीन वर्षांच्या मुलाकडे पाहून यातलं काय होईल हे आम्ही सांगत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

झोप न लागणं, झटके, फार चिडचिड किंवा स्वतःला इजा करणं यांसाठी औषधं असतात आणि डॉक्टरांनी दिली तर ती घाबरून टाळू नयेत. ऑटिझमच नाहीसा करणारं औषध मात्र नाही. स्टेम सेलसाठी काही लाख रुपये मागितले जातात, आणि लोक त्यासाठी दागिने मोडतात, गावाकडची जमीन विकतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं म्हटलं आहे. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली होणारं किलेशन तर जिवावर बेतू शकतं. तेवढे पैसे हातात असतील तर ते पाच-सात वर्षं चांगल्या थेरपिस्टसाठी आणि आईला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी यासाठी खर्च करा. त्यातून मुलाला खात्रीने काहीतरी मिळेल.

आम्हाला सांगितलंय की घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मूल गोंधळेल. खरं आहे का?

नाही, आणि हा सल्ला ऐकून आम्हाला दर वेळी वाईट वाटतं. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा खुंटते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट आई-बाबांना ज्या भाषेत रागावता येतं, लाड करता येतात, गाणी म्हणता येतात, ती भाषा घरातून गेली की घरातलं बोलणंच आटतं. आजी मराठी बोलते म्हणून तिला नातवाशी बोलू न देणारी घरंही आम्ही पाहिली आहेत. आजीला बोलू द्या. 'अडगुलं मडगुलं' म्हणू द्या. शाळेचं इंग्रजी शाळेत येईल.

तो बोलेल का?

पुष्कळ मुलं उशिरा का होईना, बोलतात. काही फार थोडं बोलतात, काही बोलत नाहीत. पण मनातलं सांगायला प्रत्येकाला शिकवता येतं, आणि आमच्या मते खरं काम तेच आहे.

आमच्या केंद्रात डब्याच्या वेळी ताई गूळपोळीच्या डब्याचं झाकण मुद्दाम घट्ट लावतात. मूल डबा ओढतं, ताईंचा हात झाकणावर नेऊन ठेवतं, रडकुंडीला येतं. समोर चित्रांची कार्डं असतात. ताई काही बोलत नाहीत, फक्त मुलाच्या चेहऱ्याकडे बघत थांबतात. पालकांना हे बघवत नाही, "द्या ना हो त्याला," असं म्हणत ते उठतातही. मग केव्हातरी मुलाचा हात पोळीच्या कार्डाकडे जातो, ते कार्ड ताईंच्या हातात येतं आणि त्याच क्षणी डबा उघडतो. पुढच्या वेळी हात लवकर जातो. 'मी सांगितलं की माणसं ऐकतात' हे कळण्याची सुरुवात अशी होते.

कार्डं दिली तर मूल बोलायचंच सोडेल, ही भीती निराधार आहे. सांगता येऊ लागलं की चिडचिड कमी होते आणि अनेकदा शब्दही वाढतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत ॲप मराठीतही आहे, ते फोनवर घेऊन बघा. जाहिरातीतलं वाक्य दिवसभर म्हणणाऱ्या मुलालाही गप्प करू नका. पुष्कळदा तेच वाक्य वापरून ते तुम्हाला काहीतरी सांगत असतं, ते कधी म्हणतं याची नोंद ठेवा.

गणपतीत आणि दिवाळीत आमचे फार हाल होतात. काय करावं?

पुण्यात हा प्रश्न जुलैपासूनच सुरू होतो, कारण ढोल पथकांचा सराव गणपतीच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. आपल्याला अंगावर रोमांच आणणारा ठेका या मुलांपैकी अनेकांच्या कानाला अक्षरशः दुखतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, शर्टच्या कॉलरचं लेबल, न्हाव्याचं मशीन, मेट्रोच्या दाराचा बीप, यातलं काय कोणाला सोसणार नाही हे मुलागणिक वेगळं. काहींचं उलट असतं, त्यांना ढोलाजवळून हलायचंच नसतं.

हट्ट आणि मेल्टडाउन यांतला फरक ओळखा. हट्टातलं मूल मध्येच डोळ्याच्या कोपऱ्यातून तुम्ही बघताय का ते पाहतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. तेव्हा ओरडणं, समजावणं, "लोक बघतायत" म्हणणं यातलं काहीच पोचत नाही. शब्द कमी करा, गर्दीतून बाजूला न्या, उजेड आणि आवाज कमी करा, डोकं आपटू नये म्हणून खाली उशी किंवा ओढणी धरा आणि थांबा. घट्ट मिठी काहींना आवडते, काहींना अजिबात नको असते.

सणाची तयारी आधीपासून करता येते. मंडळाचे फोटो, मागच्या वर्षीचा व्हिडिओ कमी आवाजात दाखवा. गणपती बघायचेच असतील तर सकाळी लवकर जा, स्पीकर लागण्याच्या आधी. आवाज कमी करणारे हेडफोन घरातच आठवडाभर घालून सवय करा, त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यावर चढवलेत तर ते पहिल्या मिनिटाला फेकले जातील. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. घर लक्ष्मी रस्त्याच्या आसपास असेल तर ते दोन दिवस नातेवाइकांकडे गावाबाहेर गेलात तरी बाप्पा रागावणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आधीच साध्या शब्दांत लिहून ठेवा की अमुक मजल्यावर असं मूल आहे, फटाके जरा लांब वाजवा. बहुतेक माणसं ऐकतात, त्यांना फक्त माहीत नसतं.

आणि तुम्ही पालक नसून रस्त्यात असं मूल पाहत असाल तर सल्ला देऊ नका, मोबाइल काढू नका. "काही मदत करू का?" एवढं हळू विचारा.

मुलगी शांत आहे, अभ्यासात बरी आहे. तिला ऑटिझम कसा असेल?

असू शकतो. मुलग्यांमध्ये निदान तीन ते चारपट जास्त होतं, पण मुलींमधला ऑटिझम नजरेतून सुटूनही जातो. मैत्रिणींचं बघून बघून वागायला त्या शिकतात, शाळेत दिवसभर सांभाळून घेतात आणि घरी आल्यावर कोसळतात. शाळा म्हणते "काहीच त्रास नाही" आणि आई म्हणते "रोज संध्याकाळी रडते". अशा वेळी आईचं ऐका.

शाळा साधी की विशेष?

मुलाला जिथे शिकता येईल आणि जिथे त्याला मारलं-हिणवलं जाणार नाही ती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ऑटिझमसह २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक, वाढीव वेळ, विषयांत सवलत मिळते. अर्ज मात्र शाळेमार्फत वेळेत गेला पाहिजे, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नाही. नेहमीचा अभ्यासक्रम झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) मार्ग आहे.

"आमच्या शाळेत अशी मुलं घेत नाही" असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. बरेचदा तिथेच सूर बदलतो. नाही बदलला तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच चर्च रोडवर आहे. विशेष शिक्षक किंवा थेरपिस्ट नेमताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे असते.

दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर कायमचा शिक्का बसेल, अशी भीती वाटते.

ते कपाटात राहतं, कपाळावर नाही. कोणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवता. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, ससून किंवा औंध रुग्णालयात तपासणीला जायचं, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र, मिळतं. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण, आयकरातली वजावट, महापालिकेच्या योजना, सगळ्याची किल्ली हे कार्ड आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना घ्याच. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. मूळ कागद कोणाच्याही हातात सोडू नका, झेरॉक्स द्या.

मूल वयात येतंय. याबद्दल कोणाशी बोलायचं?

आमच्याशी. हा विषय दहा वर्षांच्या आसपासच सुरू करा. मुलीला पाळी येण्याआधी पॅड लावून चालायची, बसायची सवय लावा, कॅलेंडरवर खुणा करायला शिकवा. मुलाला कपडे बदलणं आणि स्वतःच्या शरीराला हात लावणं कुठे चालतं ते साफ शिकवा : आपली खोली, बंद दार. मार देऊन हे शिकवता येत नाही. आणि दोघांनाही 'नाही' म्हणायला शिकवा. आपण वर्षानुवर्षं या मुलांना सांगेल तसं ऐकायला शिकवतो, आणि त्याचाच गैरफायदा घेणारी माणसं बहुधा ओळखीतली असतात. शरीराच्या अवयवांची खरी नावं मुलाला आणि त्याच्या कार्डांना माहीत असलीच पाहिजेत, त्याशिवाय त्याला तक्रार करता येणार नाही.

आमच्यानंतर याचं काय?

हा प्रश्न पालक सर्वात शेवटी, आवाज खाली आणून विचारतात. आमचं म्हणणं असं की तो सर्वात आधी विचारावा आणि मोठ्याने विचारावा, कारण त्याच्या उत्तरातली बरीच कामं आजपासून करता येतात.

कायद्याचं बघू. मूल १८ वर्षांचं झालं की आई-बाबांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, त्याला कितीही मदत लागत असली तरी. बँक, मालमत्ता, मोठी शस्त्रक्रिया, सगळीकडे तेव्हा अडायला होतं. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. ज्याला थोड्या आधाराने स्वतः निर्णय घेता येतात त्याच्यावर सरसकट पालक लादू नये, असंही आम्हाला ठामपणे वाटतं. स्वतःची सही करणं, स्वतःचं खातं, स्वतःचे कपडे निवडणं, जेवढं त्याचं आहे तेवढं त्याच्याकडे राहू द्या. मृत्युपत्र करा. पैसा मोठा असेल तर वकिलाशी बोलून खासगी न्यासाचा (ट्रस्टचा) विचार करा. भावंडांना गृहीत धरू नका, त्यांना विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तेही ऐकून घ्या.

कागदांइतकीच गरज एका वहीची आहे. त्याला कोणतं औषध किती वाजता लागतं, झटका आला तर काय करायचं, वरणात काय घातलं तर जेवत नाही, कोणत्या आवाजाला घाबरतो, झोपताना कोणती चादर लागते, 'बुबु' म्हणजे पाणी हे कोणाला कळणार? हे सगळं आज फक्त आईच्या डोक्यात आहे. ते लिहा आणि दर वाढदिवसाला नवं करा. आणि त्याला तुमच्याशिवाय एक रात्र राहायची सवय लावा, आधी मावशीकडे, मग आमच्या निवासी शिबिरात. चाळीस वर्षांत आईपासून एकदाही लांब न राहिलेल्या माणसाला तिच्या तेराव्यानंतर अनोळखी वसतिगृहात नेऊन सोडणं, यासारखं दुःख टाळण्याजोगं आहे.

मोठी मुलं तुमच्याकडे काय काम करतात?

उटणं, पणत्या, कापडी पिशव्या, आकाशकंदील. उटण्याच्या टेबलावर एक दादा पन्नास ग्रॅमची पाकिटं भरतो. काट्यावर ४९ दिसलं की पाकीट परत उघडतो, चिमूटभर घालतो, पुन्हा ठेवतो, आणि मगच पुढे सरकवतो. घाई केलेली त्याला चालत नाही, म्हणून ऑर्डर वेळेत द्या. प्रत्येकाला कामाचे पैसे मिळतात. माल आवडला तर घ्या, दया म्हणून घेऊ नका.

फी किती? देणगी दिली तर पावती मिळते?

फी घराच्या उत्पन्नाप्रमाणे ठरते आणि पैसे नाहीत म्हणून आम्ही कोणाला परत पाठवत नाही. देणगीची पावती मिळते. जुने कपडे आणि मोडकी खेळणी कृपया आणू नका.

वाढदिवस तुमच्या मुलांसोबत साजरा करायचा आहे. चालेल?

केक कापून, फोटो काढून तासाभरात जाणार असाल तर नको. त्या तासाने मुलांची दिवसाची घडी मोडते आणि त्यांचे चेहरे अनोळखी लोकांच्या फोनमध्ये जातात. त्याऐवजी आठवड्यातून एक दुपार, निदान सहा महिने, न चुकता या. या मुलांना माणूस ओळखीचा व्हायला वेळ लागतो, आणि ओळखीचा झाल्यावर तो नाहीसा झाला की त्रास होतो. आधी प्रशिक्षण घ्यावं लागेल आणि पोलीस पडताळणीही करावी लागेल.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

आधीचे रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी. मुलाचे घरातले दोन-तीन व्हिडिओ फोनवर घ्या : जेवताना, खेळताना, आणि चिडल्यावर. नव्या जागी मूल वेगळं वागतं, त्यामुळे हे व्हिडिओ आम्हाला फार उपयोगी पडतात. त्याचा आवडता खाऊ आणि खेळणं आणा. आमच्या दाराचा, जिन्याचा आणि ताईंचा फोटो आम्ही आधी पाठवतो, तो त्याला दोन दिवस दाखवत राहा. दीड-दोन तास हाताशी ठेवून या. मूल दारातून आत यायलाच तयार नसेल तर ओढू नका, पहिली भेट आम्ही जिन्यात बसूनही करतो.